गॅस्केटची कड: रेघा, कंस आणि कड तोडायची कुठे?

रबाळे_वर्कशॉप (धागाकर्ता) | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. पंप आणि कॉम्प्रेसरची गॅस्केटं (सांध्यातून गळती होऊ नये म्हणून मध्ये बसवतात ते चपटे तुकडे) कापायच्या डाय, म्हणजे साचे, आम्ही बनवतो. बरंचसं काम ड्रॉइंगशिवायच येतं. गिऱ्हाईक पिशवीतून एक तेलकट, कडा फुगलेलं गॅस्केट काढतं आणि म्हणतं, "सेम असंच पाहिजे." पंप जुना, बनवणारी कंपनी कधीच बंद झालेली, ड्रॉइंग कुणाकडेच नाही.

इतकी वर्षं आम्ही ते कागदावर ठेवून पेन्सिलने कड फिरवायचो, व्हर्नियर लावायचो, कोपऱ्यांना रेडियस गेज लावून बघायचो. गेल्या वर्षी मी काचेखाली एलईडी पॅनल बसवलं आणि वर कॅमेरा टांगला. मागून उजेड आला की गॅस्केट काळंकुट्ट आणि बाकी सगळं पांढरं दिसतं, त्यामुळे कड शोधायला त्रास होत नाही. एक पिक्सेल म्हणजे साधारण ०.१ मिमी. ओपनसीव्ही या चित्रं तपासायच्या सॉफ्टवेअरमधलं बाह्यरेषा काढायचं फंक्शन चालवलं की कडेचे पाचेक हजार ठिपके ओळीने हातात येतात.

अडचण इथून पुढे आहे. त्या ठिपक्यांतून ०.०५ मिमीची सूट देऊन बहुभुज काढला आणि डीएक्सएफ (ड्रॉइंगची फाइल) वायरकटला, म्हणजे विजेच्या बारीक तारेने धातू कापणाऱ्या मशीनवाल्याला, पाठवली. ऑपरेटरचा फोन आला की ८० मिमीच्या भोकाला साठाच्या वर रेघा आहेत. कापून आल्यावर भोकाच्या आत बोट फिरवलं तर पैलू लागत होते. मग स्प्लाइन (ठिपक्यांतून जाणारा एकच गुळगुळीत वक्र) बसवली. भोकं गुळगुळीत झाली, पण ज्या बाजू सरळ असायला हव्यात त्या किंचित लाटेसारख्या आल्या. पट्टी लावली की खालून उजेड दिसायचा. ती डाय भंगारात गेली. चूक माझीच होती, नुकसानही मीच भरलं.

मला हवंय ते एवढंच: जुना ड्राफ्ट्समन तोच आकार दहाबारा रेघा आणि तेवढ्याच कंसांत मांडतो. पाच हजार ठिपक्यांपासून तिथपर्यंत यायचं कसं?

वायरकट_तुर्भे | सोमवार, रात्री १०:५०

दादा, मशीनला मुळात दोनच गोष्टी कळतात. जी-०१ म्हणजे सरळ जा. जी-०२ आणि जी-०३ म्हणजे कंसात जा, एक घड्याळाच्या दिशेने आणि एक उलटा. तुम्ही हजार बारीक रेघा दिल्या तर ते हजार वेळा दिशा बदलतं. त्यात वायरच्या जाडीचा ऑफसेट द्यावा लागतो, म्हणजे मार्ग तेवढा बाजूला सरकवावा लागतो. आतल्या कोपऱ्यात रेघ ऑफसेटपेक्षा लहान असेल तर मार्ग स्वतःलाच ओलांडतो आणि कंट्रोलर एरर देतो. कंस द्या, काम सुटेल.

कडा_आणि_कोपरे | मंगळवार, सकाळी ७:३५

हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे (ऐरोलीत राहते, कॉम्प्युटर व्हिजनमध्ये काम करते), म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दादा, तुमचा प्रश्न "कोणता वक्र बसवू" असा वाटतो खरा, पण तो नंतरचा आहे. आधीचा प्रश्न आहे कड तोडायची कुठे. तुकडे बरोबर पडले तर प्रत्येक तुकड्यावर रेघ किंवा कंस बसवणं हे दहा ओळींचं गणित आहे. तुकडे चुकले तर जगातला कोणताही वक्र बसवा, तो अर्धी सरळ बाजू आणि अर्धा कोपरा एकत्र गिळून बसेल. तुमच्या स्प्लाइनचं नेमकं हेच झालं.

१९५४ साली फ्रेड ॲटनीव्ह या मानसशास्त्रज्ञाने झोपलेल्या मांजराच्या चित्रातून फक्त ३८ बिंदू उचलले. कड जिथे सर्वांत जास्त वळते तेवढेच बिंदू, आणि ते सरळ रेघांनी जोडले. एकही वक्र नाही, तरी ते मांजर आहे हे पाहताक्षणी कळतं. कडेवरची माहिती सगळीकडे सारखी पसरलेली नसते, वळणांवर साचलेली असते, हे त्याचं म्हणणं होतं. पुढे १९६१ मध्ये हर्बर्ट फ्रीमनने कड साठवायला साखळी संकेत सुचवला: शेजारच्या पिक्सेलच्या आठ दिशांना ० ते ७ क्रमांक द्यायचे आणि चालत जायचं. तुम्ही वापरलेली बहुभुजाची पद्धत १९७२ मध्ये रामरने आणि १९७३ मध्ये डग्लस व प्यूकर यांनी स्वतंत्रपणे मांडली. त्यातले डग्लस आणि प्यूकर नकाशांवर काम करत होते. नदी, किनारा अशा रेषांना ती छान लागू पडते. पण तिला रेघ सोडून दुसरा शब्दच येत नाही, म्हणून गोल भोक आलं की ती तोच शब्द साठ वेळा म्हणते.

आता उपाय. कडेवरून चालत जा आणि दर पावलाला दोन आकडे लिहा: किती चाललो आणि सध्या तोंड कोणत्या दिशेला आहे. आडव्या अक्षावर अंतर, उभ्या अक्षावर दिशेचा कोन. या आलेखात सरळ बाजू म्हणजे आडवी रेघ. कंस म्हणजे तिरकी रेघ, आणि तिचा चढ म्हणजे १ भागिले त्रिज्या. तीक्ष्ण कोपरा म्हणजे उभी पायरी. म्हणजे रेघा आणि कंसांची कड या आलेखात निव्वळ रेघांची होते, आणि तिथे तुमची तीच जुनी बहुभुजाची पद्धत लावता येते! मी हे पहिल्यांदा कागदावर काढून पाहिलं तेव्हा किती तरी वेळ त्या कागदाकडे बघत बसले होते.

एक सावधगिरी. पिक्सेलच्या कडेवर शेजारच्या दोन ठिपक्यांमधली दिशा फक्त ४५ अंशांच्या पटीतच असू शकते, म्हणून कच्चा आलेख करवतीच्या दात्यांसारखा येतो. तो गुळगुळीत करावा लागतो. फार केला तर कोपरे बोथट होतात आणि लहान कंस आक्रसतात. कमी केला तर खोटे कोपरे उगवतात. १९८६ मध्ये असादा आणि ब्रेडी यांनी कड वेगवेगळ्या प्रमाणात गुळगुळीत करून पाहिली आणि कोपरा, अलगद सांधा, टोक, उंचवटा असे बदल वेगवेगळे ओळखले. जो बदल लहानमोठ्या सगळ्या प्रमाणांत टिकतो त्यावर भरवसा ठेवायचा.

नौपाडा_भूमिती | मंगळवार, सकाळी ११:२०

कडाताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी शाळेत सदतीस वर्षं गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. कंसाच्या त्रिज्येबद्दल माझ्याकडून एक भर.

कंसाची दोन टोकं जोडली की जीवा मिळते. जीवेच्या मध्यापासून कंसापर्यंतचं अंतर म्हणजे शर. धनुष्य, दोरी आणि बाण असं चित्र आहे ते. भास्कराचार्यांनी लीलावतीत नियम दिला आहे: अर्ध्या जीवेचा वर्ग भागिले शर, अधिक शर, बरोबर व्यास. जीवा २४ मिमी आणि शर ४ मिमी असेल तर १४४ भागिले ४ म्हणजे ३६, त्यात ४ मिळवले की व्यास ४०. वर्कशॉपमध्ये हे तोंडी होतं.

आता यातली मेख. शर मोजताना तुमच्या एका पिक्सेलची, म्हणजे ०.१ मिमीची चूक झाली असं धरा. ४ ऐवजी ४.१ घेतलं तर व्यास ३९.२ येतो, चालून जाईल. पण त्याच २४ मिमीच्या जीवेवर शर फक्त ०.५ असेल तर व्यास २८८.५, आणि ०.६ वाचला तर २४०.६. एका पिक्सेलने व्यास ४८ मिमीने बदलला. उथळ कंसाची त्रिज्या कॅमेऱ्याला विचारू नये. कड कुठे आहे हे तो नीट सांगेल, केंद्र कुठे आहे ते सांगू शकणार नाही.

वायरकट_तुर्भे | मंगळवार, दुपारी १:०५

सर, हे आमच्या कामात रोज आहे आणि मला माहीतच नव्हतं. डीएक्सएफमध्ये पॉलिलाइनला (सलग जोडलेल्या तुकड्यांच्या रेषेला) कंस असतो तेव्हा फाइलमध्ये त्रिज्या लिहिलेली नसते, बल्ज नावाचा एक आकडा असतो. अर्धवर्तुळाला तो १ असतो, सरळ रेघेला ०. तो नेमका काय ते कुणी सांगितलं नव्हतं.

नौपाडा_भूमिती | मंगळवार, दुपारी १:४०

शर भागिले अर्धी जीवा. अर्धवर्तुळात दोन्ही त्रिज्येइतकेच, म्हणून १. त्रिकोणमितीच्या भाषेत कंसाच्या केंद्रीय कोनाच्या चौथ्या हिश्श्याचा टॅन. वरच्या उदाहरणात ४ भागिले १२, म्हणजे ०.३३३. ताडून पाहा.

वायरकट_तुर्भे | मंगळवार, दुपारी २:१५

ताडून पाहिलं. जुन्या एका फाइलमधले तीन कंस, तिन्ही जुळले. सर, धन्यवाद.

खाडीकाठचा | मंगळवार, सायंकाळी ६:३०

विषय थोडा बाजूचा आहे, पण विचारतो. मी ऐरोलीच्या बाजूने ठाणे खाडीवर पक्षी बघायला जातो. हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) येतात तेव्हा शेकडो फोटो निघतात. दुपारनंतर सूर्य पाण्यामागे असला की रंग दिसतच नाही, नुसत्या काळ्या आकृत्या, तुमच्या गॅस्केटसारख्याच. अशा आकृतीवरून रोहित कोणता आणि बगळा कोणता हे रेघा आणि कंसांनी सांगता येईल का?

कडा_आणि_कोपरे | मंगळवार, रात्री ९:१०

येईल, आणि रोहित यासाठी फार छान पक्षी आहे. पाय म्हणजे दोन लांब, जवळजवळ समांतर रेघा. धड म्हणजे लंबवर्तुळ. मान म्हणजे उलटसुलट जोडलेले दोन कंस, मध्ये वक्रतेचं चिन्ह बदलतं तो बिंदू. आणि चोच मधोमध खाली मोडलेली असते. त्या एका कोपऱ्यावर रोहित ठरतो. बगळ्याची चोच सरळ सुरी.

भाग कुठे पाडायचे याला एक सुंदर नियम आहे. हॉफमन आणि रिचर्ड्स यांनी १९८४ मध्ये दाखवलं की कड जिथे सर्वांत जास्त आत खचते तिथे माणसाची नजर वस्तूचे भाग करते. मान धडाला मिळते ती खाच, पाय पोटाला मिळतात ती खाच. गॅस्केट असो की पक्षी, पुन्हा प्रश्न तोच: तोडायचं कुठे.

पण पक्ष्यात एक मोठा फरक आहे. गॅस्केट हलत नाही. रोहित चरताना मान खाली घालतो आणि डोकं उलटं करतो, मग मानेचे कंस बदलतात. म्हणून नुसते तुकडे मोजून भागत नाही. कोणता तुकडा कोणाच्या शेजारी, किती कोनात, किती प्रमाणात, ही नाती नोंदवावी लागतात. ईटीएच झुरिचचा २५५ फोटोंचा एक प्रसिद्ध संच आहे, त्यात बाटल्या, मग, जिराफ, ॲपलचं बोधचिन्ह आणि हंस आहेत. शेजारशेजारच्या दोनतीन सरळ तुकड्यांचे गट करून त्यावरून वस्तू शोधायचं काम त्या संचावर झालं. हंसाची मान तिथे चांगली कसोटी ठरते. तुमच्या गर्दीच्या फोटोंत मात्र एकमेकांवर आलेले पक्षी ही खरी अडचण. सुटा उभा असलेला पक्षी आधी घ्या.

घणसोली_२१ | मंगळवार, रात्री १०:००

मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मनापासून विचारतेय: आता न्यूरल नेटवर्क थेट चित्रातून सगळं शिकतं, तर हे हाताने तुकडे पाडणं अजून का शिकायचं?

कडा_आणि_कोपरे | मंगळवार, रात्री १०:४५

प्रश्न रास्त आहे. पक्षी ओळखायला मीही आधी नेटवर्कच घेईन. पण दोन गोष्टी. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मांजराच्या आकृतीवर हत्तीच्या कातडीचा पोत चढवला, तर नेहमीच्या फोटोंवर शिकलेली नेटवर्कं त्याला हत्ती म्हणाली. माणसं मांजर म्हणतात. म्हणजे पोत मिळाला की ती आकाराकडे कमी बघतात, आणि खाडीवरच्या काळ्या आकृत्यांत पोत नसतोच. दुसरी गोष्ट, दादांना "हे गॅस्केट आहे" हे उत्तर नकोय. त्यांना त्रिज्या हवी आहे, मिलिमीटरमध्ये, जी मशीनवर घालता येईल आणि चुकली तर कुठे चुकली ते दाखवता येईल.

रबाळे_वर्कशॉप | बुधवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे खूप आभार. आज दिवसभर हेच करत होतो. ताईंचा कोनाचा आलेख काढला. खरंच पायऱ्या आणि उतार डोळ्यांना दिसतात, मुलाला दाखवला तर त्यानेही बोट ठेवून "इथे कोपरा" म्हणून सांगितलं.

दोन अडचणी उरल्या. एक, प्रत्येक तुकड्यावर वेगवेगळी रेघ आणि वेगवेगळा कंस बसवला की सांध्यावर बारीक कोन पडतो. दोन, चार कोपऱ्यांचे कंस सारखेच असणार हे नमुना बघूनच कळतं, पण त्रिज्या ७.२, ८.६, ९.१, ७.८ अशा येतात. कोणती खरी धरू? आणि काही ठिकाणी लंबवर्तुळ बसवून पाहिलं तर ते कंसापेक्षा छान बसतं. ते ठेवू का?

कडा_आणि_कोपरे | बुधवार, रात्री १०:२०

लंबवर्तुळाचं आधी. ते जास्त चांगलं बसणारच, कारण त्याला पाच आकडे मिळतात: केंद्राचे दोन, अक्षांचे दोन, झुकावाचा एक. वर्तुळाला तीनच. जास्त आकडे दिले की वक्र गोंगाटालाही चिकटतो. जास्तीचे दोन आकडे द्यायचे तर चूक तेवढी घसघशीत कमी व्हायला हवी, नाहीतर वर्तुळच ठेवा. रोझिन आणि वेस्ट यांनी १९९५ मध्ये अशीच पद्धत मांडली: तुकडा सतत दोन भागांत तोडत जायचा आणि दर पातळीवर सर्वांत मोठं विचलन भागिले तुकड्याची लांबी बघायची. ज्या पातळीला हे गुणोत्तर सर्वांत लहान, तो तुकडा ठेवायचा. मिलिमीटरची सूट आधी ठरवावी लागत नाही.

तरी लंबवर्तुळ फेकू नका, ते वेगळ्या कामाला घ्या. बोल्टची भोकं गोल आहेत हे तुम्हाला माहीत आहे. ती फोटोत लंबवर्तुळ दिसत असतील तर कॅमेरा तिरका आहे. १० अंश तिरका असेल तर ४० मिमीचं भोक एका दिशेने सुमारे ३९.४ दिसेल. आधी कॅमेरा सरळ करा, मग कंस मोजा.

अक्षरवळण_ठाणे | बुधवार, रात्री १०:५५

मी देवनागरी फॉन्ट काढतो. आमच्याकडे सगळं बेझिए वक्रांवर (मोजक्या बिंदूंनी आकार ठरणाऱ्या वक्रांवर) चालतं. हे वक्र १९५९ च्या सुमारास सित्रोएनमध्ये द कास्तेल्जो आणि पुढे रेनॉमध्ये बेझिए यांनी मोटारींच्या अंगाकरता घडवले. पण बेझिएतून अचूक वर्तुळ निघत नाही. चार तुकड्यांत काढलं तर त्रिज्येच्या ०.०२७ टक्के चूक राहते. ४० मिमी त्रिज्येला ०.०११ मिमी, म्हणजे तुमच्या पिक्सेलच्या फार खाली. तरी मशीनला कंस कळत असेल तर कंसच द्या.

एक अनुभव सांगतो, कदाचित उपयोगी पडेल. "क" चं पोट काढताना नवशिक्या माणूस पुष्कळ बिंदू टाकतो आणि वळण खडबडीत होतं. बिंदू फक्त तिथेच ठेवायचे जिथे वळण अगदी आडवं किंवा अगदी उभं होतं. तीन बिंदू काढून टाकले की अक्षर मोकळा श्वास घेतं.

वायरकट_तुर्भे | गुरुवार, सकाळी ८:१०

दादा, तुमच्या चार त्रिज्यांबद्दल. आम्ही शिकलो तेव्हा ड्रॉइंग बोर्डावर आधी रेघा मारायचो, कोपऱ्यात एकमेकींना छेदून पुढे जाऊ द्यायचो. मग त्या कोपऱ्याला रेडियस द्यायचा. कंस कधी आधी काढत नाही. तो दोन्ही रेघांना टेकलाच पाहिजे. तुम्ही उलट करताय, कंस सुटा मोजताय आणि मग रेघेला जोडताय.

नौपाडा_भूमिती | गुरुवार, सकाळी ९:००

अगदी बरोबर, आणि याचं गणितही किती सोपं होतं बघा. रेघा लांब असतात, शेकडो ठिपक्यांवर बसतात, म्हणून त्यांच्यावर विश्वास ठेवता येतो. दोन रेघांचा छेदबिंदू घ्या. कंस दोघींना स्पर्श करणारा आहे असं ठरवलं की एकच आकडा अज्ञात उरतो, त्रिज्या. काटकोनी कोपऱ्यात छेदबिंदूपासून कंसापर्यंतचं सर्वांत जवळचं अंतर त्रिज्येच्या ०.४१४ पट असतं. त्रिज्या ८ असेल तर ३.३१ मिमी. ते अंतर ०.१ ने चुकलं तर त्रिज्या ०.२४ ने चुकेल, पण ते एका ठिपक्यावर मोजलं तर. कंसावरचे सगळे ठिपके धरून सरासरी काढली की चूक आणखी खाली येते. आणि स्पर्श गृहीतच धरलेला असल्याने सांध्यावर कोन पडण्याचा प्रश्नच उरत नाही.

कडा_आणि_कोपरे | गुरुवार, सकाळी ९:२५

वायरकटदादा, सर, मी तीन दिवस अल्गोरिदम सांगत होते आणि ही गोष्ट माझ्याकडून राहून गेली. कड माणसाने ज्या क्रमाने बनवली त्याच क्रमाने ती वाचायची. हे मी माझ्या कामातही वापरणार आहे.

रबाळे_वर्कशॉप | शनिवार, रात्री ११:०५

आज पूर्ण झालं, म्हणून लगेच लिहायला बसलो.

कॅमेरा आधी सरळ केला, बोल्टच्या भोकांचे दोन्ही अक्ष पिक्सेलच्या आत जुळेपर्यंत. मग कोनाच्या आलेखावरून तुकडे, तुकड्यांतून फक्त रेघा, रेघांचे छेदबिंदू, आणि शेवटी कंस. चार कोपऱ्यांच्या त्रिज्या आता ७.९, ८.१, ८.०, ७.९ आल्या. चारही ८ धरल्या. अख्खी बाहेरची कड ९ रेघा आणि ११ कंसांत मावली. एक उथळ कंस होता, जीवा ३० आणि शर अर्धा मिलिमीटर. त्याची त्रिज्या सरांनी सांगितल्याप्रमाणे विचारलीच नाही, दोन टोकं आणि शर एवढंच ठेवून बल्ज लिहिला.

मग काढलेल्या आकारापासून प्रत्येक ठिपका किती दूर आहे ते रंगाने दाखवलं. बहुतेक सगळीकडे ०.०६ मिमीच्या आत. फक्त एका बाजूला, साधारण २० मिमी लांबीत, ठिपके ०.३ मिमी बाहेर. आधी वाटलं तुकडा चुकला. नमुना उचलून बोटाने दाबला तर तिथेच रबर तेलाने फुगलेलं होतं. आधीच्या स्प्लाइनने ती सूजही इमानाने डायमध्ये कोरली असती.

बटर पेपरवर एकास एक प्रिंट काढून गिऱ्हाइकाच्या पंपाच्या झाकणावर ठेवली. आठही भोकांतून बोल्ट सरळ गेले.

वायरकट_तुर्भे | शनिवार, रात्री ११:३०

फाइल पाठवा. सोमवारी दुपारी मशीन रिकामं आहे. आतल्या बाजूचा सर्वांत लहान रेडियस किती आहे तेवढं आधी कळवा, त्यावर कोणती वायर लावायची ते ठरवतो.

रबाळे_वर्कशॉप | शनिवार, रात्री ११:३४

१.५ मिमी, डावीकडच्या खाचेत. बाकी सगळे ३ च्या वर.